पाठपोट

वेयुपेच्या नगरपालिकेत झेरॉक्स मशीन एकच,
आणि त्याची किल्ली माझ्याकडे असे.
पानाला दोन सांतिम. पाठपोट असेल तर चार.

मार्चमधला मंगळवार. नदीवरचा बर्फ तडकत होता.
मशीनच्या काचेवर कुणीतरी विसरलेला कागद, पालथा.
म्हणजे ज्या बाजूची प्रत हवी होती ती खाली.
हे मी आज सांगते आहे.
त्या दिवशी मी वरची बाजू वाचली.

नगराध्यक्ष गुंदार्स यांचं वळणदार अक्षर:
'झिद्रा, गुरुवारी लाकूडगिरणीच्या मागे ये.
तुझ्या केसांना प्रयोगशाळेचा वास येतो
आणि मला तो घरच्या बीटाच्या सारापेक्षा आवडतो.'

सारापेक्षा!
आउस्ट्राबाईंच्या हातचं सार अख्ख्या गावानं प्यायलेलं,
दर नाताळात, चर्चच्या तळघरात,
आणि वाडगा चाटून पुसून आणखी मागितलेलं.

मी एक प्रत काढली, स्वतःसाठी.
मग बहिणीसाठी.
मग बेकरीवाला झिगफ्रीड्स आला, टोपी हातात घेऊन,
जणू कुणाच्या मयताला आला आहे.
शनिवारी मशीनचा आकडा अकराशेने पुढे गेलेला.
नोंदवहीत मी लिहिलं: किरकोळ.

कागद जुन्या राजवटीतला, कांद्याच्या पापुद्र्याइतका पातळ.
प्रत्येक प्रतीत त्या अक्षरांच्या मागून
करड्या, उलट्या आकड्यांच्या रांगा डोकावत होत्या.
कोण बघतो?
न्हाव्याकडे, बसथांब्यावर, प्रार्थनेच्या बाकावरसुद्धा
लोक 'केसां'पाशी अडत, 'सारा'पाशी खिदळत,
घडी घालून खिशात ठेवत.

न्हाव्याचा अकरा वर्षांचा रेनार्स.
आणखी काही चावट निघेल म्हणून
त्यानं प्रत बापाच्या आरशासमोर धरली
आणि त्याला स्वतःच्या रस्त्याचं नाव सापडलं.
ओझोलू रस्ता, नळ चार: शिसे, मर्यादेच्या नऊपट.
शाळेचं अंगण: सातपट.
खाली सही, झिद्रा स्ट्राउटमाने, जलतपासनीस.
तारीख सहा वर्षांपूर्वीची.

सहा वर्षं तो अहवाल साहेबांच्या खणात होता.
एके दिवशी कोरा कागद हाताशी नव्हता,
त्यांनी पान सात फाडलं.

सभेला दोनशे माणसं. सभा चालली तीन तास,
त्यात पाइपांवर वीस मिनिटं.
मागून कुणीतरी ओरडलं, केसांना आज कसला वास येतोय?
झिद्रानं चष्मा पुसला
आणि नळ पाचचा आकडा वाचला.

शरद संपायच्या आत रस्ते खणले, नवे पाइप आले.
मुलांची रक्तं तपासली. रेनार्सचं बरं निघालं,
त्याच्या धाकट्या बहिणीचं नाही.
गुंदार्स राजीनामा देऊन रीगाला गेले,
तिथे म्हणे बऱ्यापैकी नोकरी आहे.
आउस्ट्राबाईंनी त्यानंतर सार केलं नाही.
झिद्राच्या दारावर कोळशानं काय लिहिलं होतं
ते मी इथे लिहिणार नाही.
ती सकाळच्या सव्वासहाच्या बसनं गेली,
एक बॅग, एक काचेच्या नळ्यांची पेटी.
निरोपाला ड्रायव्हर.

गाव म्हणतं, सुंठीवाचून खोकला गेला.
कसला गेला?
सुंठ लागलीच. चांगली ठेचून लागली.
तिचं नाव कुणी घेत नाही, एवढंच.

कागदाला चार घड्या होत्या.
म्हणजे तो बरेच दिवस कुणाच्यातरी खिशात राहिला होता.
काचेकडे तोंड होतं ते आकड्यांचं.
म्हणजे जी कुणी आली होती, ती तक्त्याची प्रत काढायला आली होती,
पुन्हा एकदा अर्ज करायला, सातव्या वर्षी.
तो अर्जही खणात गेला असता.
हे मला पक्कं ठाऊक आहे.
आणि कागद उलटला तो मी.

नव्या पंपघरावर नव्या नगराध्यक्षांच्या नावाची पाटी आहे.
आमच्या भाषेत झिद्रा म्हणजे नितळ.
पाणीही आता तसंच येतं.
तरी रोज सकाळी पहिला पेला भरून
मी मोरीत ओतून देते.
गरज नाही, असं सगळे सांगतात.